पिंपांचे वय कोण मोजणार?

वापरलेले अणुइंधन साठवण्याची पिंपे म्हातारी होतात. हा आमचा शोध नाही. अमेरिकेचा अणुनियामक आयोगच ते मान्य करतो. म्हणून तिथे साठवणुकीचा परवाना वाढवून हवा असेल, तर या पिंपांच्या म्हणजे ‘कास्क’च्या वार्धक्यावर लक्ष कसे ठेवणार, याचा आराखडा कंपनीला द्यावा लागतो. पण आराखडा कंपनी लिहिते, तपासणी कंपनी करते, नोंदवही कंपनीच्या कपाटात राहते. आयोग ती वही पाहून शिक्का मारतो. कुंपणापलीकडे राहणाऱ्या माणसाला मात्र एवढेच सांगितले जाते: विश्वास ठेवा. आमचा आक्षेप या दोन शब्दांना आहे.

आधी प्रकरण समजून घेऊ. अणुभट्टीतून काढलेले इंधन काही वर्षे पाण्याच्या खोल टाकीत थंड करतात. मग ते कास्कमध्ये ठेवून, आत हेलियम वायू भरून झाकण बंद करतात. काही कास्क जाड धातूचे असतात. त्यांचे झाकण बोल्टने आवळलेले असते, आणि झाकणाच्या दोन सीलमधला दाब सतत मोजला जातो. 2010 साली पेनसिल्व्हेनियातल्या पीच बॉटम केंद्रात अशाच एका कास्कचा दाब उतरला, इशारा मिळाला आणि सीलमधली गळती सापडली. मोजमाप होते म्हणून दोष दिसला.

दुसऱ्या प्रकारात पातळ स्टेनलेस स्टीलचा वेल्डिंग केलेला डबा असतो आणि त्याभोवती काँक्रीटचे कवच. कॅलिफोर्नियात सॅन ओनोफ्रे इथे ऐन समुद्रकिनाऱ्यावर असे डबे आहेत, त्यांची भिंत सुमारे 16 मिलिमीटरची. खाऱ्या हवेतले क्लोराइड पत्र्यावर बसले, त्याला दमटपणा मिळाला आणि वेल्डजवळ ताण असला, तर बारीक भेगा पडू शकतात. या डब्यांना दाब सांगणारा काटा नसतो. कवचाच्या फटीतून कॅमेऱ्याचा रोबोट सोडून निवडक डबे पाहायचे आणि बाकीचेही तसेच असतील असे मानायचे, ही पद्धत.

हे सगळे तात्पुरते म्हणून सुरू झाले होते. 1982 च्या कायद्याच्या आधारे अमेरिकी सरकारने 31 जानेवारी 1998 पासून हा कचरा ताब्यात घ्यायचे कबूल केले. तारीख उलटून गेली, कचरा जागेवरच आहे. कायमच्या साठ्यासाठी नेवाडातला युक्का डोंगर निवडला. ती भूमी पश्चिम शोशोनी लोक आपली मानतात. ती योजनाही रखडली. मग 20 वर्षांचे परवाने 40 वर्षांनी वाढू लागले. 2014 च्या अहवालात तर आयोगाने दर 100 वर्षांनी कास्क बदलले जातील असे गृहीत धरले. शंभर वर्षांनी तिथे कोणती कंपनी असेल, कोणाच्या खिशातून पैसे येतील? गृहीत धरायला काही लागत नाही. भोगायला माणसे लागतात.

ती माणसे कोण, हेही पाहा. मिनेसोटात मिसिसिपी नदीकाठी प्रेअरी आयलंड ही डकोटा आदिवासींची वस्ती आहे. तिला लागून 1970 च्या दशकात दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. 1994 साली राज्याच्या विधिमंडळाने तिथे 17 कास्क ठेवायला परवानगी दिली, पुढे ती मर्यादा वाढली. जवळची घरे सुमारे 600 यार्डांवर. परवाना वाढवण्याची वेळ आली तेव्हा जमातीने सुनावणीत वकील उभे केले आणि म्हातारे होणारे कास्क आणि जास्त जळालेले इंधन यांवर प्रश्न विचारले. 2015 साली परवाना 40 वर्षांनी वाढला. वीज शहरांना, कास्क आदिवासींच्या दाराशी. गावकुसाबाहेरचे जगणे ज्यांच्या पिढ्यांनी भोगले, त्या आम्हाला हा नकाशा ओळखीचा वाटतो.

‘आजवर काय झाले?’ असे आम्हाला विचारतात. प्रश्न रास्त आहे. आयडाहोत सुमारे 15 वर्षांनी उघडलेल्या एका कास्कमधले इंधन चांगल्या स्थितीत होते, हे खरे आहे. पण ते कमी जळालेले इंधन होते. जास्त जळालेल्या इंधनाची तशी परीक्षा घ्यायला व्हर्जिनियात तापमापक बसवलेला कास्क भरला तो 2017 साली. तोवर असे इंधन कितीतरी ठिकाणी कास्कमध्ये बंद झाले होते. उद्या स्फोट होईल असे आम्ही म्हणत नाही. आम्ही म्हणतो, परीक्षेचा निकाल लागण्याआधीच पास झाल्याचा दाखला वाटू नका.

आता आपल्या दाराशी येऊ. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी कंपनीने बांधल्या, 1969 साली त्या चालू झाल्या. इंधन अमेरिकेतून आले. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर दोन्ही देशांत वाद पेटला, आणि जळालेले इंधन तारापुरातच साठत गेले. तिथेही समुद्र आहे, खारी हवा आहे. शेजारी मच्छीमार आणि आदिवासी आहेत. पुढच्या दोन अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्या साठ्याची तपासणी कधी झाली, कोणी केली, काय आढळले, हे कोणत्या ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवले गेले? 1962 च्या अणुऊर्जा कायद्याने माहिती रोखण्याचे अधिकार सरकारच्या हाती दिले. अणुऊर्जा नियामक मंडळाला कायद्याने स्वतंत्र दर्जा नाही, असा ठपका 2012 साली खुद्द महालेखापरीक्षकांनी ठेवला होता.

कागदावरच्या हक्काची किंमत आम्हाला महाडने शिकवली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 साली झाला, महाड नगरपालिकेचा 1924 साली. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेईपर्यंत तो हक्क कागदावरच होता. निगराणीचा आराखडाही तसाच एक ठराव आहे. वस्तीचा हात त्या नोंदवहीपर्यंत पोचत नाही तोवर तो कागदच.

म्हणून प्रेअरी आयलंड असो की तारापूर, आमच्या मागण्या त्याच. तपासणारा मालकाच्या पगारावर नसावा. दाब, तापमान आणि भेगांच्या तपासणीची नोंद लोकांच्या भाषेत जाहीर व्हावी. वस्तीने निवडलेल्या तज्ज्ञाला आत प्रवेश मिळावा, खर्च मालकाने द्यावा. दुरुस्तीचा आणि कास्क बदलण्याचा निधी आजच वेगळा काढावा, तो नातवंडांच्या माथी मारू नये.

सुरक्षित आहे म्हणता ना? मग वही उघडा.

जय भीम!