गड झाले, आता होडी

दिल्लीच्या पोस्टिंगमध्ये मला सापडलेली सगळ्यात मराठी जागा म्हणजे हिंदूराव. इथल्या लोकांना ते फक्त हॉस्पिटलचं नाव वाटतं. नाव आहे कागलकर घाटग्यांचं. बायजाबाई शिंद्यांचे भाऊ हिंदूराव घाटगे यांनी या टेकडीवरचा विल्यम फ्रेझरचा बंगला घेतला आणि त्यांचं नाव जागेला कायमचं चिकटलं. १८५७ साली इंग्रजांची मुख्य पिकेट याच बंगल्यात होती. जुलैच्या सुरुवातीला बख्तखानाबरोबर बरेलीची फौज आली आणि होड्यांच्या पुलावरून यमुना ओलांडून दिल्लीत शिरली. टेकडीवरच्यांना ती दिसत होती, पण अडवता आली नाही. मी बॉम्बे सॅपर्सचा असल्यामुळे या टेकडीच्या सगळ्या इतिहासात मला हा होड्यांचा पूल जास्त जवळचा वाटतो.

माझा भाचा जवळच मुखर्जीनगरला यूपीएससीचा अभ्यास करतो. रविवारी तो आणि त्याचे दोन मित्र टेकडीवर चालायला येतात, मीही जातो. तिघेही पट्टीचे ट्रेकर. अलंग-मदन-कुलंग झालाय, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड झालाय. आता त्यांच्या डोक्यात कनू शिरलीय, म्हणजे वल्ह्याने मारायची अरुंद, उघडी होडी. कॅनडातल्या बाऊरन तळ्यांचा व्हिडिओ बघितला. तिथे ११६ किलोमीटरची फेरी आहे. तळ्यामागून तळं, मधे होडी आणि सामान जमिनीवरून न्यायचं, आणि निघालो तिथेच परत. ‘मामा, पाठीवर ओझं नाही, चढ नाही. ट्रेकपेक्षा सोपंच की!’

याच वाक्यावर मला हे लिहावंसं वाटलं. माझं मत असं की पाण्यावर नवख्यापेक्षा अनुभवी ट्रेकरची जास्त काळजी करावी. नवखा विचारतो. ट्रेकरला वाटतं आपल्याला निम्मं येतंच. आणि येतंही, खोटं कशाला बोला. तंबू, चूल, भिजू नये असं सामान बांधणं, सोबत्याची कुरकुर सांभाळणं, हे सगळं उपयोगी पडतं. नडते ती एक सवय. डोंगरात दमलं की बसता येतं. वाट चुकली तर मागे फिरता येतं. पाण्याच्या मधोमध वल्हं थांबवलं की वारा होडीला त्याच्या मर्जीने नेतो.

पोरांचा पहिला बेत चंबळचा होता. तो मी दोन मिनिटांत मोडला. नदी एकाच दिशेला वाहते, त्यामुळे फेरी होत नाही, आणि ते घडियाल-मगरींचं अभयारण्य आहे. मग आलं पोंग धरण. कांगड्यात बियासवर १९७४ साली झालेलं, नकाशावर महाराणा प्रताप सागर. दिल्लीहून रात्रीच्या गाडीने पठाणकोट, पुढे रस्ता. पोंगवर सरकारी जलक्रीडा केंद्रही आहे, तेव्हा शिकवणारी माणसं मिळतील. जागा चांगली निवडली. पण त्यांनी कागदावर काय लिहिलं? रोज २५ किलोमीटर, तीन दिवस.

किलोमीटर हे पायांचं माप. शांत पाण्यावर नवशिका तासाला चारेक किलोमीटर जातो. वारा समोरून आला की दोन, आणि जोराचा आला की जागच्या जागी. पोंगचा फुगवटा पूर्ण भरला की चाळीसेक किलोमीटर लांब होतो. एवढं मोकळं रान मिळालं की वाऱ्याच्या लाटा वाढत जातात. पाण्यावरचा चढ तो हाच, आणि तो नकाशात दाखवलेला नसतो. म्हणून हिशेब तासांचा करायचा. उजाडता निघायचं, अकराच्या आत काठाला लागायचं, दुपार काठावर झोपून काढायची. तीन दिवसांच्या फेरीला चौथा दिवस वाऱ्यासाठी ठेवायचा.

हंगामाचंही तसंच. डिसेंबर-जानेवारीत पाहुणे पक्षी बघायला छान, पण पहाटे धुकं असतं आणि पाणी गार. उजाडता निघायचा नियम धुक्यात चालत नाही. उन्हाळ्याकडे पाणी उतरतं, बाथूची बुडालेली देवळं वर येतात आणि नकाशातला काठ चिखलाच्या पलीकडे राहतो. ट्रेकर कडा उतरेल, पण गुडघाभर चिखलातून भरलेली होडी ओढून बघा म्हणावं. मला विचाराल तर ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबर.

दिशेचा प्रश्नही वेगळा. होडीत बसलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून मीटरभरही वर नसतो. सपाट काठ तीन-साडेतीन किलोमीटरपुढे दिसेनासा होतो. बेट कुठलं, टोक कुठलं, कळत नाही. ईशान्येला धौलाधार दिसत असेल तर नशीब.

आता ओझं. होडीत मावतं म्हणून पोरं कढई, खुर्च्या, काय काय लिहून बसलीत. मधे होडी उचलायची वेळ आली आणि सामान दोन खेपांत न्यावं लागलं, तर एका किलोमीटरचे तीन होतात. जा, परत या, पुन्हा जा. पाठीवरची सॅक भरावी तशीच होडी भरायची.

फेरीचा बेत मात्र मला पटतो. गाडी एकाच जागी राहते, दुसऱ्या टोकाला कुणी थांबावं लागत नाही. पण पहिली फेरी छोटी, काठाकाठाने. आखात आलं तर ओलांडायचं नाही, वळसा घालायचा. प्रत्येक मुक्कामावरून डांबरी रस्ता चालत गाठता आला पाहिजे. रेंज ट्रेकमध्ये कंटाळलो की खाली उतरून एसटी पकडतो ना, तसंच. आणि लाइफ जॅकेट काठावरच घालायचं, बक्कल लावून. ‘पोहता येतं’ हे उत्तर मी ऐकून घेत नाही. बूट-पँटसकट गार पाण्यात पडलेल्याचं पोहणं वेगळं असतं.

खरी परीक्षा होडी उलटल्यावर. होडी सोडायची नाही, ती तरंगते. खोल पाण्यातून पुन्हा आत चढणं मात्र शिकावं लागतं. खडकीला रिक्रूट असताना उस्ताद आम्हाला मुद्दाम पाण्यात टाकायचे. दुसऱ्या दिवशी हात वर होत नसत.

पोंग अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याची परवानगी हे पहिलं काम. मुक्काम कुठे करू देतात त्यावर फेरी ठरेल, आपण ठरवलेल्या फेरीवर मुक्काम नाही. अर्ज भाच्याने लिहायला घेतलाय. खुर्च्या यादीतून गेल्या, कढईवर अजून वाद चालू आहे. पुढचे चार रविवार टेकडी बंद, जलतरण तलाव. तिघांनाही अंगावरच्या कपड्यांनिशी, बूट घालून पाण्यात उतरायला लावणार आहे. तलावाच्या मॅनेजरला बूट धुऊन आणायचं कबूल केलंय.