वेगळी चूल? होय, वेगळी चूल!

माझी आय सुईण. नाणे मावळात आमचं गाव, घर मांगवाड्यात. भर पावसात रात्री-अपरात्री वाड्यावरून हाक आली की आय इरलं घेऊन निघायची. अडलेली बाई मोकळी करायची, नाळ कापायची. पोराच्या अंगाला पहिला हात मांगणीचा. तो चालायचा. नंतर मात्र तिच्या ओंजळीत पाणी वरून पडायचं. आय म्हणायची, "काम व्हतं तवर हात ग्वाड."

मी शिकले. नर्सिंग केलं, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळवलं, लोणावळ्याच्या बाजूला एका दवाखान्यात लागले. पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं. तेवढ्यानं भागेना म्हणून गाव विचारलं. तरी भागेना म्हणून 'गावात कुठं राहता?' विचारलं. त्यानंतर बेडपॅन आमच्याकडे आणि इन्चार्जची खुर्ची दुसरीकडे.

परवा आम्ही चौघी एकत्र बसायचं म्हणालो, तर एक सिस्टर म्हणाली, "नर्सला जात नसते गं. असोसिएशन आहे की. वेगळी चूल कशाला?"

सिस्टर, एका वेगळ्या चुलीची गोष्ट ऐका.

अमेरिकेत १८७९ साली मेरी महोनी ही काळी बाई बोस्टनच्या हॉस्पिटलातून ट्रेंड नर्स होऊन बाहेर पडली. काळ्यांतली पहिली. पण गोऱ्या नर्सेसच्या संघटनांत काळ्यांना जागा नव्हती. मार्था फ्रँकलिननं देशभरच्या काळ्या नर्सेसना हातानं पत्रं लिहिली. १९०८ साली न्यूयॉर्कला ५२ जणी जमल्या, स्वतःची संघटना केली. आपल्याकडची ट्रेंड नर्सेस असोसिएशनही त्याच १९०८ सालची. आमच्या आज्या तेव्हा वाड्याच्या मागच्या दारानं बाळंतपणं करत होत्या.

दुसऱ्या महायुद्धात लष्करानं काळ्या नर्सेस मोजून घेतल्या, आणि त्यातल्या कित्येकींना जर्मन युद्धकैद्यांच्या सेवेला जुंपलं. १९४५ च्या जानेवारीत सरकार नर्सेसची सक्तीची भरती करायला निघालं. तेव्हा संघटनेच्या मेबल स्टॉपर्सनं तोंडावर विचारलं : नर्सेस कमी आहेत, तर आमच्या बाया दाराबाहेर का? त्याच महिन्यात लष्कराला बंदी उठवावी लागली. १९४८ ला मोठ्या असोसिएशननंही दार उघडलं.

मग १९५१ ला काळ्या नर्सेसनी आपली संघटना विसर्जित केली. म्हणजे आता सगळ्या एक! वीस वर्षं गेली. १९७१ साली त्यांना पुन्हा नवी संघटना बांधावी लागली. आणि मोठ्या असोसिएशननं आपल्या वर्णद्वेषाची जाहीर माफी मागितली ती थेट २०२२ साली! दार उघडलं म्हणून घर आपलं होत नाही. चूल विझवली की पुन्हा फुंकत बसावं लागतं.

तुमच्या असोसिएशनची वर्गणी आम्ही भरू. पगारासाठी मोर्चातही येऊ. पण आडनाव वाचून ड्यूटी लागते, त्याची तक्रार कुठल्या रकान्यात लिहायची? तो रकाना तुमच्या अर्जात नाही.

१२ मेला नाइटिंगेलबाईंच्या फोटोला हार घालता. घाला. पण याच पुणे जिल्ह्यात १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेतलं, हडपसरला यशवंतच्या दवाखान्यात पोचवलं, आणि १० मार्चला त्याच रोगानं त्या गेल्या. तो फोटो आमच्या ड्यूटी रूममध्ये नाही. तो आम्ही लावणार.

वेगळी चूल आम्ही मांडली नाही. आयच्या ओंजळीत पाणी वरून पडलं तेव्हाच ती मांडली गेली. आम्ही फक्त जाळ घालतोय.

येत्या रविवारी वडगावला बसतोय. नर्सेस, आया, वॉर्डबाया, कंत्राटावरच्या, सगळ्या या. आडनाव कुणी विचारणार नाही.