साहेब आणि फाइलवाला

शनिवारी रात्री आमच्याकडचा रिमोट भाच्याच्या ताब्यात असतो, हे वाचकांना आता पाठ झालं असेल. लागली होती बुंडेसलिगाची मॅच. पण मॅच दाखवतील तर शपथ! दर दोन मिनिटांनी कॅमेरा हेड कोचच्या तोंडावर. साहेब च्युइंगम चघळताहेत, साहेब चौथ्या पंचाशी हुज्जत घालताहेत.

शेजारी काय चाललंय ते मात्र ओझरतं दिसतं. बदली खेळाडू जॅकेट उतरवत उभा, आणि असिस्टंट कोच त्याच्या नाकासमोर फाइल धरून भराभर पानं उलटतोय: कॉर्नरला तू इथे, फ्रीकिकला तिथे, हा सहा नंबर तुझा. खेळाडू नुसत्या माना डोलावतोय, लक्ष सगळं मैदानात. पाच मिनिटांनी कॉर्नरवर तोच पोरगा मोकळा सुटला आणि गोल झाला. कॅमेरा कुणावर? साहेबांवर!

"हर्मनचं आयुष्य असंच गेलं," मी म्हणालो. "कोण हर्मन?" झालं, मी सुरू झालो. पीटर हर्मन. 1976 ते 1984 लेव्हरकुसेनचा मिडफिल्डर, पुढे वर्षानुवर्षं असिस्टंट. 2013 साली बायर्नने लीग, जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही जेतेपदं नेली, तेव्हा हेड कोच युप हाइंकेसच्या शेजारी हाच. ऑक्टोबर 2017 मध्ये बायर्नने बहात्तर वर्षांच्या हाइंकेसना निवृत्तीतून ओढून आणलं, तर आजोबांना हर्मन हवाच. तो तेव्हा डुसेलडॉर्फकडे नोकरीला. त्याला सोडवायला बायर्नने साडेसतरा लाख युरो मोजल्याचं तेव्हा छापून आलं होतं. असिस्टंटसाठी!

"मग तो हेड कोच का नाही झाला?"

या प्रश्नाने माझं डोकं फिरतं, जणू असिस्टंटचं काम हे कामच नव्हे. हान्सी फ्लिकही मिडफिल्डरच. 2006 ते 2014 जर्मनीच्या राष्ट्रीय संघात हेड कोच योआखिम लोव्हचा असिस्टंट. 2014 चा वर्ल्ड कप त्याच खुर्चीवरून जिंकला. पण भाच्याच्या लेखी फ्लिक जन्माला आला तो बायर्नचा साहेब झाल्यावर, बार्सिलोनाला 8-2 धुतलं तेव्हा.

आणि हल्ली बेंचवर सगळे तोंडावर हात धरून बोलतात, कॅमेऱ्यावरून कुणी ओठ वाचू नयेत म्हणून. परवा आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये खजिनदारांनीही अध्यक्षांच्या कानात तस्संच काहीतरी सांगितलं. विषय लिफ्टचा. ओठ वाचायला समोर आम्ही सात जण, त्यातले तिघे पेंगत होते, आणि जोशीकाकांना तर ओरडून सांगितलेलंही ऐकू येत नाही.