शेत उघडे, बाजाराला कुलूप



२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी घोषणा केली आणि चार तासांत सारा देश बंद झाला. आधी एकवीस दिवस, मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे. त्या दिवसांवर शहरात पुष्कळ लिहिले गेले. गॅलरीतल्या थाळ्या, घरात बसून आलेला कंटाळा, निवळलेले आकाश. कापूस-ज्वारीच्या गावात ते दिवस कसे गेले, ते आम्हीच सांगायला हवे. पुढच्या साथीत हुकूम लिहायला बसणाऱ्याला ते आपणहून कळणार नाही.

शहरातल्या नोकरदाराला टाळेबंदी म्हणजे घरात बसणे. आम्हाला बसणे परवडणारे नव्हते. गुरांना वैरण-पाणी लागते, ते हुकूम वाचत नाहीत. शेतकामाला स्पष्ट सूट देणारा कागद निघायला २७ मार्च उजाडला. तोवर शेतावर जाणाऱ्याला चौकात दंडुका. काही शिवारांत रब्बी ज्वारीची कणसे खळ्यावर पडलेली, मळणी यंत्राचा पट्टा तुटला तर दुकान बंद आणि मिस्त्री गावाबाहेर अडकलेला. तरीही ज्वारी घरात आली. आली ती घरातच राहिली, कारण आठवडी बाजार बंद. गुरांचा बाजारही बंद. पेरणीआधी एखादे गोऱ्हे विकून बियाण्याची सोय करणाऱ्याचा तोही मार्ग संपला.

कापसाची कथा याहून वाईट. २०१९-२० च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता. मार्चअखेर भाव वाढेल, मुलीच्या लग्नाला उपयोगी पडेल, म्हणून अनेकांनी माल राखून ठेवला होता. एका रात्रीत खरेदी केंद्रे बंद, जिनिंग बंद, जिनिंगचे मजूर पांगलेले. पुढच्या खोलीत आढ्याला टेकलेला कापूस आणि माणसे ओसरीवर. लेकरांच्या अंगाला खाज, पुरळ. ठिणगीच्या भीतीने बाईने चूल अंगणात मांडली. शहरात माणसामाणसांत सहा फूट अंतर ठेवा म्हणून सांगत होते. आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती.

केंद्रे पुन्हा उघडली तेव्हा आधी नाव नोंदवा, मग फोनवर निरोप येईल, असा कायदा. दिवसाला मोजक्याच गाड्या. मृग लागला तरी नंबर न आलेली घरे गावोगाव होती. बियाणे तर रोखीने घ्यायचे. मग खेड्यावर येणाऱ्या व्यापाऱ्याला हमीभावाखाली माल द्यावा लागला. क्विंटलमागे हजार रुपये कमी धरा. वीस क्विंटल कापूस असणाऱ्याचे वीस हजार गेले. हा टाळेबंदीचा कर होता. तो आम्ही भरला, आणि त्याची पावती कोणी दिली नाही.

याच महिन्यांत आमची पोरे पुण्या-मुंबईहून परत आली. कोणी दुचाकीवर, कोणी पायी. ज्या घराला चार माणसांचे पुरत नव्हते, त्याने सात माणसांना भाकरी घातली. ज्यांचे गाव दूर होते त्यांचे काय झाले? ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून चालत निघालेले मध्य प्रदेशातले मजूर ते. पोट भरायला गाव सोडणारा माणूस कोणत्याही राज्यातला असो, तो शेतीतूनच बाहेर फेकला गेलेला असतो.

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणत नाही. रेशनवर माणशी ५ किलो तांदूळ फुकट मिळाला. भुकेल्याच्या पोटात गेला, चांगले झाले. पण ज्वारीच्या गावात बाहेरचा तांदूळ वाटताना त्याच गावच्या कणगीतली ज्वारी विकत घ्यावी, हे कोणाला सुचू नये? कर्जाचेही तसेच. हप्ते थांबवण्याच्या सवलतीत चढलेले व्याजावरचे व्याज ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने माफ केले. दोन कोटींपर्यंतचे घरकर्ज, मोटारकर्ज, क्रेडिट कार्डाची थकबाकीसुद्धा त्यात बसली. पीककर्ज बसले नाही.

आणि त्याच वर्षी एप्रिल ते जून या तिमाहीत, सरकारच्याच पहिल्या अंदाजानुसार, देशाचे उत्पन्न २३.९ टक्क्यांनी घसरले, तेव्हा शेतीचे ३.४ टक्क्यांनी वाढले. पेपरांनी लिहिले, शेतीने देश तारला. शेतीने तारला खरा. शेतकऱ्याला कोणी तारले?

साथ थोपवायची होती, याबद्दल वाद नाही. एप्रिल-मे २०२१ ची दुसरी लाट खेड्यांत शिरली तेव्हा खाट आणि प्राणवायूसाठी गावोगाव धावाधाव झाली. रोग थट्टा नाही हे आम्हाला कोणी शिकवायला नको. आमचा प्रश्न वेगळा आहे. पिकवणे अत्यावश्यक आणि विकणे अनावश्यक, हा न्याय कुठला? दूध रोज काढावे लागते म्हणून ते शहरात पोहोचण्याची व्यवस्था झाली, कारण चहा शहराला हवा होता. कापसाविना शहराचे काही अडत नव्हते, अडत होते ते आमचे.

म्हणून या जिल्हा बैठकीत तीन गोष्टी ठरावात याव्यात. एक, कुठल्याही संचारबंदीत शेतमालाची वाहतूक आणि खरेदी पहिल्याच हुकुमात चालू राहील. दोन, केंद्र बंद ठेवायचे तर वजनकाटा गावात आणून माल घ्यावा. सरकारची सोय म्हणून नंबर लांबला तर तेवढ्या दिवसांचे व्याज सरकारने द्यावे. तीन, कर्जाची जी सवलत मोटारीला, ती पिकाला.

टाळेबंदीत आपण एकेकटे होतो, प्रत्येक जण आपापल्या कापसापाशी. आता एकत्र बसलो आहोत. साथ पुन्हा येण्याची वाट न पाहता हा ठराव तहसीलदाराच्या टेबलावर ठेवू, आणि पोच घेतल्याशिवाय उठायचे नाही.