ढग पुण्यात दिसतो, बांधावर का कळत नाही?



पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याची जुनी इमारत आहे. १९२८ साली खात्याचे मुख्यालय सिमल्याहून तिथे आले, म्हणून लोक तिला अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, पण १९३२ साली सुरू झालेला कृषी हवामान विभाग पुण्यातच राहिला. पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. म्हणजे ढगांचा अभ्यास करणारी माणसे आपल्याच राज्यात बसली आहेत. तरी वेचणीच्या बाया विजेने मरतात आणि खळ्यावरची ज्वारी भिजते. का?

ढग दिसत नाही म्हणून नव्हे. इन्सॅटचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवरून आपल्यावर नजर ठेवून आहेत. त्यांना रात्रीही दिसते, कारण ते ढगाची उष्णता मोजतात. ढग जितका उंच चढतो, तितका त्याचा माथा गार होतो. दोन लागोपाठच्या चित्रांत माथा झपाट्याने गार पडला, तर गडगडाटी ढग बांधला जातो आहे हे ओळखता येते. मात्र माथा पसरला, की खाली नेमक्या कोणत्या शिवारात पाऊस आहे, हे वरून कळत नाही. तिथे रडार आणि विजेची नोंद घेणारी केंद्रे लागतात. या सगळ्यांवरून खाते पुढच्या तीन तासांचा इशारा देते. पाषाणच्या संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप २० ते ४० किलोमीटरच्या परिसरातल्या विजेची सूचना देते.

उद्या वीज कोणत्या गावात पडेल, हे कोणीच सांगू शकत नाही. पण तास-दोन तास हाती येतात. तेवढ्यात वेचलेला कापूस झाकता येतो, कणसांवर ताडपत्री पडते, माणसे आणि बैल घरी येतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीसारखे संकट उभ्या पिकावर आले, तर इशाऱ्याने पीक वाचत नाही. तिथे भरपाईच हवी. पण जीव वाचतो. देशात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात.

प्रश्न एवढाच, की इशारा पोहोचतो कोणाला? ज्याच्या खिशात मोबाईल आणि मोबाईलला रेंज, त्याला. कमरेला ओटी बांधून वेचणी करणाऱ्या बाईला नाही. अंदाज आपल्या पिकांच्या भाषेत सांगणारी १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे सरकारने उभी केली आणि २०२४ साली बंद केली. त्याच वर्षी इन्सॅट-३डीएस आकाशात गेला. उपग्रहाला आमचा विरोध नाही. पण वर डोळा बसवायला पैसा आहे आणि खाली निरोप द्यायला नाही, हा कुठला हिशेब?

काही जण म्हणतील, इशारे खोटे ठरतात. काही ठरतील. ताडपत्री उगाच टाकल्याने आजवर कोणी बुडाले नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत आम्ही दोन गोष्टी मांडत आहोत. इशारा आला की ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून तो लगेच पुकारलाच पाहिजे, हे सरकारकडे मागायचे. आणि गावोगाव आपण ठरवायचे: गडगडाट ऐकला की झाडाखाली थांबायचे नाही, पक्क्या घरात जायचे, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणी रानात पाय टाकायचा नाही. मजुरी त्या अर्ध्या तासाचीही द्यायची.