कुराबिएदेस : नानखटाईची ग्रीक बहीण

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात मैदा, रवा, तूप आणि साखरेचे डबे घेऊन बेकरीच्या भट्टीवर नंबर लावल्याची आठवण आपल्यापैकी बऱ्याच घरांत असेल. सामान घरचे, भट्टी बेकरीवाल्याची. तराविहनंतर पत्र्याच्या ट्रेमधून नानखटाया घरी यायच्या आणि ईद जवळ आल्याची खात्री पटायची. या नानखटाईची एक बहीण ग्रीसमध्ये आहे. तिचे नाव कुराबिएदेस. ग्रीक ख्रिश्चन घरांत नाताळ आणि नववर्षाला ती हवीच. लग्न आणि बाप्तिस्म्यालाही करतात. या महिन्यात आम्ही ती करून पाहिली.

नावावरूनच नाते कळते. तुर्कीत हिला कुराबिये म्हणतात, बोस्नियात गुराबिये. शाम आणि मिसरकडे गुरैबा नावाचे अगदी असेच बिस्किट ईदला करतात. सगळीकडे पाया तोच : लोणी किंवा तूप, पिठीसाखर, मैदा. ग्रीक पद्धतीत भाजलेले बदाम जास्त आणि वरून पिठीसाखरेचा जाड थर. काही घरांत नाताळात प्रत्येक बिस्किटावर एक लवंग टोचतात.

उत्तर ग्रीसमध्ये कवाला शहराजवळ नेआ कार्वाली नावाचे गाव आहे. तिथले कुराबिएदेस देशभर प्रसिद्ध आहेत. ‘नेआ’ म्हणजे नवी. जुनी कार्वाली तुर्कस्तानात, अनातोलियाच्या मधोमध कप्पादोकियात होती. जानेवारी 1923 मध्ये लोझान येथे ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. त्यात सुमारे 12 लाख ख्रिश्चन तुर्कस्तानातून ग्रीसला गेल्याचे धरले जाते; त्यांतले बरेच युद्धातच पळून आले होते. साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान ग्रीसमधून तुर्कस्तानला गेले. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले गेले. थ्रेसमधल्या कोमोतिनी आणि झांथी या गावांत आजही मशिदी नांदत्या आहेत.

करारात भाषा विचारली नव्हती, फक्त धर्म विचारला होता. कप्पादोकियातले पुष्कळ ख्रिश्चन घरात तुर्की बोलत. ती ग्रीक लिपीत लिहीत. क्रीट बेटावरचे मुसलमान ग्रीक बोलत. दोघांनाही ‘आपल्या’ देशात पाठवले गेले आणि दोघेही तिथे परके ठरले. इकडे आलेल्यांना ‘तुर्कांचे बियाणे’ म्हटले गेले, तिकडे गेलेल्यांना ‘अर्धे काफिर’. आयवालिकच्या किनाऱ्यावर उतरलेल्या क्रीटच्या आज्या शेवटपर्यंत नातवंडांशी ग्रीकच बोलत राहिल्या.

हे वाचताना आम्ही जरा थांबलो. मराठी ही ज्यांची घरातली भाषा, अशा आपल्यालाही कुणीतरी कौतुकाने सांगतेच, “अहो, तुम्ही मराठी किती छान बोलता!” बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण आपण मनात म्हणतो, मग दुसरे काय बोलणार? भाषांचे वेगळेपण ही अल्लाहची निशाणी आहे, हे सांगणारी आयत ज्या सूरहमध्ये आहे तिचे नाव ‘अर्-रूम’. उस्मानी राज्यात या ग्रीक ख्रिश्चनांना रूमच म्हणत.

आता कृतीकडे वळू. ग्रीक पाककृतींत बहुधा चमचाभर ब्रँडी किंवा ऊझो घालतात. भट्टीत ती उडून जाते की नाही, या वादात आम्ही पडलो नाही. तिच्याऐवजी संत्र्याचा रस घातला. गुलाबपाणी तर मूळ पद्धतीतही वापरतात. व्हॅनिला इसेन्समध्येही बहुधा मद्यार्क असतो, म्हणून तोही वगळला.

साहित्य (साधारण 30 नगांसाठी) : बिनमिठाचे लोणी 250 ग्रॅम, पिठीसाखर 75 ग्रॅम, एका अंड्याचा बलक, संत्र्याचा रस 2 मोठे चमचे, मैदा 350 ते 375 ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, बदाम 120 ग्रॅम, गुलाबपाणी, वरून लावायला पिठीसाखर 200 ग्रॅम.

कृती : बदाम कोरडे भाजून जाडसर कुटावेत. लोणी मऊ असावे, वितळलेले नको. ते पिठीसाखरेबरोबर पांढरे आणि हलके होईपर्यंत फेटावे. यंत्राने दहा मिनिटे लागतात, हाताने त्याहून अधिक. इथे घाई केली तर बिस्किट दगडासारखे होते, कारण खुसखुशीतपणा या फेटण्यात भरलेल्या हवेतून येतो. मग बलक आणि रस घालावा. मैदा बेकिंग पावडरसह चाळून थोडा थोडा मिसळावा, शेवटी बदाम घालावेत. गोळा हाताला चिकटेनासा झाला की थांबावे. कणकेसारखे मळू नये. मळल्याने मैद्याला चिवटपणा येतो. छोटे गोळे किंवा चंद्रकोरी वळून 170 अंशांवर 18 ते 20 मिनिटे भाजावे. रंग फिकटच राहिला पाहिजे.

गरम असतानाच गुलाबपाण्याचा हलका शिपका द्यावा. पूर्ण गार झाल्यावर पिठीसाखरेत घोळवून वरून आणखी चाळावी. घाईने गरमवरच साखर घातली, तर ती वितळून चिकट होते. आमचा पहिला ट्रे असाच गेला. तो मुलांनी संपवला.

घरचे लोणी वापरणार असाल तर ते थंड पाण्याने दोन-तीनदा धुऊन ताक पूर्ण काढून टाकावे. बाजारातले पिवळे लोणी खारट असते, ते नको. कोरड्या डब्यात ही बिस्किटे दोन आठवडे सहज टिकतात. एक सूचना मुलांसाठी : चावा घेताना श्वास आत ओढू नका, नाहीतर साखर घशात जाऊन ठसका लागतो!

येत्या ईदला नानखटाईच्या ताटात शेजारी ही पांढरी बिस्किटेही ठेवा. कुणी विचारले, की ही कुणाची, तर क्रीटच्या आज्यांची गोष्ट सांगा. आणि ताट शेजाऱ्यांकडे पाठवताना आधी त्यांचा धर्म विचारू नका.