हौस हवी, पण डोळस

गिरगावातल्या चाळींतून निघून ऐन माघात हिमालयाचे बर्फ तुडवावयास जाणाऱ्या तरुणांचे आम्हांस कौतुकच वाटते. परंतु राजमाची-हरिश्चंद्रगडावर मिळविलेले शहाणपण तेथे अपुरे पडते, हे त्यांस आणि त्यांच्या पालकांस वेळीच सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

सह्याद्रीचा कडा डोळ्यांना दिसतो. हिमाचा धोका थरांखाली दडलेला असतो. कोरड्या, कडाक्याच्या थंडीत खालच्या थराचे कण साखरेसारखे सुटे होतात. त्यांवर नव्या हिमाची घट्ट लादी बसली की उतार वरून शांत दिसतो. पण 30 ते 45 अंशांच्या चढणीवर अशी लादी निसटावयास एका माणसाचा भारही पुरतो. हिमस्खलनात सापडणाऱ्या गिर्यारोहकांच्या बाबतीत पुष्कळदा लादी हलते ती त्यांच्या स्वतःच्या वा सोबत्याच्या पावलांनीच. तेव्हा सारा दोष दैवाच्या माथी मारून कसे चालेल?

3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचीनवर दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्याचे सुनील सूर्यवंशी होते. 4 ऑक्टोबर 2022 रोजी द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या पथकावर हिम कोसळले व 27 मृतदेह हाती आले. मृतांत त्याच वर्षी एव्हरेस्ट सर केलेल्या सविता कंसवाल होत्या. 4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर सात पर्यटक दगावले. परवानगी तेराव्या मैलापर्यंतची होती. दुर्घटना घडली पंधराव्या मैलाजवळ. जवान तेथे कर्तव्य म्हणून उभा असतो. पर्यटकावर तशी सक्ती कोणाची?

गाडलेल्या माणसास पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर वाचण्याची आशा मोठी असते. अर्ध्या तासात ती झपाट्याने मावळते. सियाचीनवर लान्सनायक हणमंतप्पा कोप्पद सहाव्या दिवशी जिवंत सापडले खरे, पण तेही 11 फेब्रुवारीस निवर्तले. अशा चमत्कारावर भरवसा ठेवून सहल आखता येत नाही. सरकारी मदत येईतो वेळ टळून जाते, म्हणून शोध सोबत्यांनीच घ्यावा लागतो. त्यासाठी प्रत्येकाजवळ संकेत देणारे व टिपणारे यंत्र, हिमात खुपसावयाची लांब सळई आणि फावडे हवे, व ते वापरण्याचा सरावही हवा.

संरक्षण संशोधन विभागाची चंदीगड येथील संस्था हिमस्खलनाचे इशारे प्रसिद्ध करीत असते. सहलीचे पैसे भरण्यापूर्वी पालकांनी आयोजकांस तीनच प्रश्न विचारावेत: हा इशारा रोज कोण पाहणार? साधने प्रत्येकास मिळणार काय? आणि मोहीम अर्ध्यावर सोडण्याचा निर्णय कोणाचा? यांची सरळ उत्तरे जो देत नाही, त्याच्या हाती आपली मुले सोपवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. पैसे वाया जातील या भीतीने पुढे रेटलेले पाऊल धैर्याचे नव्हे. हवामान पाहून माघारी फिरणारा तरुण पुढल्या वर्षी पुन्हा जाऊ शकतो, एवढे घरच्यांनी त्याला निघतानाच बजावून ठेवावे.